दशावताराच्या शूटिंगमध्ये लाटांचा इफेक्ट: मोठा प्रोजेक्टर घेण्याआधी

वेंगुर्ल्याकडच्या मित्राचा प्रश्न थोडक्यात असा: जत्रेतल्या ट्रिकसीनयुक्त, म्हणजे दिव्या-पडद्यांच्या करामती असलेल्या दशावताराचं शूटिंग करायचंय, समुद्रमंथनाच्या प्रवेशाला मागच्या पडद्यावर लाटा हव्यात. गेल्या खेपेला मांडवात बसलेल्यांना लाटा झकास दिसल्या, पण व्हिडिओत पडदा पांढुरका आला आणि त्यावर काळे पट्टे सरकत राहिले. तर आता दुप्पट ताकदीचा प्रोजेक्टर भाड्याने आणावा का?

एवढ्यात नको. पांढुरका पडदा आणि काळे पट्टे ही दोन वेगळी दुखणी आहेत, आणि मोठा प्रोजेक्टर आणून दोन्हींपैकी एकही मुळापासून जात नाही.

आधी पांढुरकेपणाचं बघू. समजा प्रोजेक्टर ३००० ल्युमेनचा आहे (ल्युमेन म्हणजे मशीनमधून निघणारा एकूण उजेड) आणि पडदा पाच मीटर बाय तीन मीटर, म्हणजे १५ चौरस मीटर. ३००० भागिले १५, म्हणजे पडद्यावर फार तर २०० लक्स पडणार (लक्स म्हणजे दर चौरस मीटरवर पडणारा उजेड). समोरचे हॅलोजन नटांच्या तोंडावर मारलेले असतात, पण त्यांचा उजेड नटांपाशी थांबत नाही, मागे पडद्यावर जातो. तोही २०० लक्स धरा. म्हणजे लाटेचा उजळ भाग ४०० आणि काळोखा भाग २००. एवढ्या फरकात लाट कसली दिसणार? डोळा सावरून घेतो, कॅमेरा घेत नाही. तेव्हा पैसे प्रोजेक्टरवर घालण्याआधी समोरचे दिवे सरळ समोरून काढा आणि दोन्ही बाजूंना, जरा उंचावर, तिरके लावा, म्हणजे उजेड नटावर पडून विंगेत जाईल. नटांना पडद्यापासून सात-आठ फूट पुढे खेळायला सांगा. देवळाच्या सभामंडपात एवढी जागा नसते हे मान्य, पण नट बसतात ते रंगमंचावरचं बाकडं दोन फूट पुढे सरकवलं तरी फरक कळतो. नट पुढे आले की त्यांची सावली पडद्यावर पडण्याचा त्रासही कमी होतो, फक्त प्रोजेक्टर उंचावरून मारा.

आणि पडदा कुठला? बऱ्याच कंपन्यांचा मागचा पडदा गडद मखमली, त्यावर मोठ्या अक्षरांत कंपनीचं नाव. मखमल उजेड गिळते, आणि क्षीरसागराच्या मधोमध अमुक तमुक दशावतार नाट्यमंडळ तरंगताना दिसतं. त्या प्रवेशापुरती साधी पांढरी किंवा फिकट राखाडी चादर ताणून सोडा. सुरकुती मात्र नको.

आता पट्टे. इथे गाऱ्हाणं घालून ‘होय म्हाराजा’ म्हटलं तरी पट्टे जात नाहीत, कारण ते कॅमेरा आणि प्रोजेक्टर यांची गती न जुळल्याने येतात. लॅपटॉपवरून लाटांचा व्हिडिओ सोडत असाल आणि प्रोजेक्टर डीएलपी असेल, तर बहुतेक भाड्याच्या मशिनांत आत रंगांचं चाक फिरतं: लाल, हिरवा, निळा एकामागोमाग. कॅमेऱ्याचं शटर, म्हणजे एका फ्रेमसाठी उजेड आत घ्यायचा वेळ, १/२०० सेकंद वगैरे असेल तर चाकाचा एखादाच रंग पकडला जातो आणि पट्टे उमटतात. लॅपटॉपच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ निवडा, कॅमेरे सेकंदाला २५ फ्रेमवर आणि शटर १/५० वर बांधून टाका. आपली वीजही ५० हर्ट्झची, त्यामुळे बाकीचे दिवेही याच मापात बसतात. निवडायची सोय असेल तर थ्री एलसीडी प्रोजेक्टर मागा, त्यात हे चाकच नसतं.

लाइटवाल्याकडचा वॉटर इफेक्ट असेल, म्हणजे एलईडीसमोर खडबडीत काच फिरणारा, तर त्यात फ्रेमची भानगड नाही. पण एलईडी डिम केला की पुष्कळ स्वस्त दिवे मंद होत नाहीत, भराभर चालू-बंद होतात, आणि तेच कॅमेऱ्यात दिसतं. म्हणून तो पूर्ण ठेवा. जास्त वाटला तर दिवा मागे न्या. अंतर दुप्पट केलं की उजेड चौथाई होतो. काच मात्र सगळ्यात हळू फिरवा. अख्ख्या पडद्यावर बारीक लाटा वेगाने धावल्या की यूट्यूबवर चढवल्यावर चित्राचे चौकोन पडतात, आणि नेमका नटाचा चेहरा त्यात बिघडतो.

ऑटो एक्स्पोजर बंद. पडदा काळोखा झाला की कॅमेरा उजेड वाढवतो आणि विष्णूचं तोंड पांढरंफटक होतं. तोंडावर एक्स्पोजर लावा, व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेरा कुठला उजेड पांढरा धरतो ते सेटिंग, ३२०० केल्विनवर कायम ठेवा. हॅलोजनमध्ये चेहरे नीट येतात आणि प्रोजेक्टरचा उजेड निळसर झुकतो, जो पाण्याला हवाच आहे. त्याच सेटिंगवर आगीचा प्रवेश असेल तर लॅपटॉपवरची आग आधी जरा जास्त नारिंगी करून घ्या.

धुराचं मशीन शूटिंगला शक्यतो नको. समुद्राकडचा वारा असला तर धूर टिकत नाही, टिकला तर पडद्यावरच्या लाटा पुसट करतो. लेझर तर कॅमेऱ्याच्या तोंडावर कधीच येता कामा नये, सेन्सर कायमचा जळू शकतो. स्ट्रोबमध्ये, म्हणजे भराभर लखलखणाऱ्या दिव्यात, फ्रेम अर्धी उजळ, अर्धी काळी येते, आणि सेकंदाला तीनपेक्षा जास्त लखलखाट फेफऱ्याचा त्रास असणाऱ्याला बाधू शकतो.

शेवटी माणसाचा प्रश्न. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, प्रवेश रंगला तर देव-दैत्य वाटेल तितका वेळ भांडतात. घड्याळ लावून इफेक्ट सोडता येत नाही. प्रोजेक्टरवाल्याला मागे मांडवात बसवू नका, पायपेटी आणि पखवाजवाल्यांच्या शेजारी बसवा. प्रवेश कुठे वळतोय ते त्यांना आधी कळतं. आणि लोक जमायच्या आधी रिकाम्या रंगमंचावर, तेच दिवे लावून, लाटांचा दोन मिनिटांचा शॉट प्रत्येक कॅमेऱ्याने घेऊन ठेवा. पट्टे येतायत का ते मोबाइलवर नाही, लॅपटॉपवर मोठं करून बघा. वीज जनरेटरची असेल तर हे जनरेटर चालू करूनच बघा, त्याची गती ढळली तर दिव्यांचे पट्टे परत येतात.

पडदा कुठला आणि प्रोजेक्टर कुठल्या जातीचा ते कळवा, मग अंतर किती ठेवायचं ते सांगतो.