वाचकांचे प्रश्न: प्लॅस्टिक कचऱ्यासाठी एकच मोठा प्लांट की ठिकठिकाणी छोटे?

प्रश्न: आमची संस्था आसपासच्या बऱ्याच गावांमधला प्लॅस्टिक कचरा गोळा करून रिसायकलिंगला द्यायचं ठरवतेय. काही जण म्हणतात प्रत्येक ठिकाणी छोटा प्लांट टाका, काही म्हणतात एकच मोठा बरा. पण लांब न्यायचं म्हटलं की ट्रकच्या डिझेलमध्येच पर्यावरणाचा सगळा फायदा जाणार नाही का?

उत्तर: अंतराचं नंतर बघू, आधी ट्रकमध्ये काय भरताय ते बघा, कारण खरा फरक तिथं पडतो. पाण्याच्या सुट्या बाटल्या न चेपता भरल्या तर एका घनमीटरमध्ये साधारण 25-30 किलोच बसतात, म्हणजे 40 घनमीटरचा ट्रक गच्च भरला तरी माल एखादाच टन, बाकी सगळी हवा, आणि भाडं मात्र पूर्ण ट्रकचं. त्याच बाटल्या प्रेस करून गाठी बांधल्या की घनमीटरला 250 किलोच्या पुढे जातात आणि तोच ट्रक 10 टन नेतो. आता समजा 300 किलोमीटरला 100 लिटर डिझेल लागलं, लिटरमागे साधारण 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड धरला तर झाले 270 किलो. सुट्या मालावर ते सगळे एका टनाच्या डोक्यावर बसतात, गाठींवर टनामागे फक्त 27. नव्या पेटऐवजी (पीईटी, म्हणजे पाण्याच्या बाटल्यांचं प्लॅस्टिक) रिसायकल केलेलं वापरलं की टनामागे एक टनाहून जास्त कार्बन वाचतो, त्यामुळे गाठी बांधलेल्या असतील तर 300 किलोमीटरला घाबरायचं कारण नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, वेगळं करणं आणि प्रेस करणं गोळा करण्याच्या जागेजवळ ठेवा, धुलाई मात्र एकाच मोठ्या ठिकाणी. धुवायला गरम पाणी लागतं, कॉस्टिक सोडा लागतो, आणि धुतलेल्या पाण्यात प्लॅस्टिकचे बारीक कण जातात, ते पाणी शुद्ध करायची यंत्रणा छोट्या प्लांटला परवडत नाही, मग ते सरळ नाल्यात सोडलं जातं. असं होणार असेल तर त्या कामाला पर्यावरणाचं काम म्हणू नये असं मला मनापासून वाटतं.

वेगळं करताना पीव्हीसीवर, म्हणजे पाइपांसाठी वापरतात त्या प्लॅस्टिकवर, डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा. पॉलिथिन आणि पॉलीप्रॉपिलीन पाण्यावर तरंगतात, पेट बुडतं, म्हणून टाकीत ते आपोआप वेगळं होतं, पण पीव्हीसीची घनता पेटच्या इतकी जवळ असते की तेही बुडतं. मग पेट वितळवायला 250 अंशांच्या वर तापवलं की पीव्हीसीमधून हायड्रोक्लोरिक आम्ल सुटतं आणि थोडंसं पीव्हीसीसुद्धा अख्खा लॉट पिवळा पाडतं. थर्माकोल तर जवळजवळ सगळा हवाच असतो, तो दाबायची सोय नसेल तर लांब नेऊच नका.

प्रश्न: सेंटर कुठे टाकायचं हे अंदाजानेच ठरवायचं का?

उत्तर: नाही, गणित मांडा. प्रत्येक संभाव्य जागी सेंटर टाकायचं की नाही, आणि कुठून कुठे किती टन जाईल, एवढंच कॉम्प्युटरला विचारायचं असतं. पहिल्यांदा फक्त कमीत कमी खर्चाचं उत्तर काढा, मग कार्बनवर मर्यादा घाला आणि ती थोडी थोडी घट्ट करत परत परत काढा. दर वेळी खर्च किती वाढला ते लिहून ठेवलं की सुरुवातीची कपात स्वस्तात होते आणि पुढे कुठे खर्च एकदम चढतो ते तुम्हालाच दिसेल, कुठे थांबायचं ते त्यावरून ठरवा.

कुठून किती माल निघतो हे आकडे कचरावेचकांना विचारा, त्यांच्याइतकं ते कुणाला माहीत नसतं आणि त्यांना बाहेर ठेवून नेटवर्क उभं केलं तर त्यांचं पोट जातं आणि तुमचा मालही जातो. मग तेच गणित माल निम्मा आला असं धरून आणि कच्चं तेल स्वस्त झालं असं धरूनही करा, कारण तेल उतरलं की नवं प्लॅस्टिक स्वस्त होतं आणि रिसायकल मालाचा ग्राहक पळतो. प्लांटची मशीन घ्यायच्या आधी निदान एका खरेदीदाराशी किमान भावाचा लांब मुदतीचा करार करून ठेवा.