वाचकांचे प्रश्न : रूझवेल्ट तिसरे कसे आले?

प्रश्न : पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट १८८६ मध्ये न्यू यॉर्कच्या महापौरपदाची निवडणूक हरले आणि तिसरे आले, असे वाचनात आले. हे कसे घडले?
– एक वाचक, वडोदरा

उत्तर : आपल्या वडोदऱ्यात महापौराची निवड नगरसेवक करतात, न्यू यॉर्कमध्ये मात्र ती थेट मतदार करीत आणि सर्वाधिक मते मिळवणारा, ती निम्म्याहून कमी असली तरी, विजयी ठरे. २ नोव्हेंबर १८८६ रोजी डेमोक्रॅटिक पक्षाच्या एब्रम ह्युइट यांना ९०,५५२, कामगारांचे उमेदवार हेन्री जॉर्ज यांना ६८,११० आणि रिपब्लिकन रूझवेल्ट यांना ६०,४३५ मते पडली.

रूझवेल्ट अवघे २८ वर्षांचे होते हे खरे, परंतु त्यांच्या पराभवाचे मोठे कारण जॉर्ज यांच्या विचारांत सापडते. आपल्या अलकापुरीतला एखादा मोकळा भूखंड डोळ्यांसमोर आणावा. मालकाने तिथे एक वीटही रचलेली नसते, तरी भोवती रस्ते, शाळा, दुकाने होत गेली की त्याचा भाव चढत जातो. ही वाढ साऱ्या समाजाने घडवलेली असल्याने कर जमिनीच्या मूल्यावर घ्यावा आणि श्रम, घरे व व्यापार यांवरचे कर उठवावेत, असे जॉर्ज १८७९ पासून मांडत आले होते. भाड्याच्या कोंदट खोल्यांत राहणाऱ्या मजुरांना ते मनापासून पटले. मालमत्ताधारक मात्र धास्तावले, आणि जॉर्ज निवडून येऊ नयेत म्हणून अनेक रिपब्लिकन मतदारांनी स्वतःचा उमेदवार सोडून ह्युइट यांना मत दिले. ह्युइट स्वतः लोखंडाचे कारखानदार होते आणि टॅमनी हॉल ही शहरातली बलाढ्य पक्षयंत्रणा त्यांच्या पाठीशी होती.

माझ्या मते रूझवेल्ट यांच्या तिसऱ्या क्रमांकापेक्षा जॉर्ज यांचा दुसरा क्रमांक अधिक विलक्षण आहे. मतपत्रिका तेव्हा सरकार छापत नसे. पक्षच त्या छापून मतदारांच्या हाती देत, त्यामुळे कोण कोणाची मतपत्रिका पेटीत टाकतो हे उघड दिसे आणि नव्या पक्षाला छपाई, वाटप, देखरेख सारे स्वतःच उभे करावे लागे. मोजणीत लबाडी झाल्याचा आरोप जॉर्ज यांच्या समर्थकांनी केला, पण तो सिद्ध झाला नाही. सरकारी मतपत्रिकेचा कायदा न्यू यॉर्क राज्याने १८९० मध्ये केला. सरकारने छापलेल्या मतपत्रिकेवर गुप्तपणे मत देण्याची ही पद्धत मूळची ऑस्ट्रेलियातली, आणि तिचा पुरस्कार जॉर्ज यांनी १८७१ मध्येच केला होता.