जुनी बिल्ड्स काढावीत, पण कोणती?

प्रश्न : शाहूपुरीतील आमच्या छोट्या कार्यालयात उद्यमनगरातील फाउंड्र्यांसाठी साठा व हिशेबाचे सॉफ्टवेअर तयार होते. जेनकिन्सवर (कोडपासून सॉफ्टवेअर आपोआप बांधणारे साधन) एकाच जॉबची, म्हणजे ठरवून दिलेल्या कामाची, रोज सुमारे 20 बिल्ड्स (बांधणीच्या फेऱ्या) निघतात आणि प्रत्येकाचा इन्स्टॉलर 180 एमबीचा असतो. 250 जीबीची डिस्क दोन-सव्वादोन महिन्यांत भरते आणि मग एखाद्या शनिवारी कोणीतरी बसून जुनी फोल्डर्स पुसतो. तीस दिवसांपूर्वीचे सर्व आपोआप पुसणारी स्क्रिप्ट लावावी काय?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : लावू नये. स्क्रिप्टला फाइलची तारीख तेवढी कळते. ती कोणत्या गिऱ्हाइकाकडे बसवलेली आहे, हे कळत नाही. मार्चमध्ये बसवलेली आवृत्ती एखाद्या फाउंड्रीत दिवाळीपर्यंत चालू असणे नवलाचे नाही, आणि तक्रार येते ती बहुधा अशाच आवृत्तीबद्दल.

आपल्याच आकड्यांनी रोज 3.6 जीबी भरते. ही जागा इन्स्टॉलर खातात. बिल्डची नोंद आणि लॉग त्यामानाने किरकोळ असतात. जॉबच्या कॉन्फिगरेशनमधील ‘डिस्कार्ड ओल्ड बिल्ड्स’ या पर्यायाच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ भागात आर्टिफॅक्ट्ससाठी (बिल्डमधून निघालेल्या फाइली, येथे इन्स्टॉलर) वेगळी मर्यादा देता येते, हे पुष्कळांच्या नजरेतून सुटते. नोंदी 90 दिवस व इन्स्टॉलर शेवटच्या 30 बिल्ड्सचे ठेवले, तर इन्स्टॉलरचा पसारा 5.4 जीबीत आटोपतो, आणि दोन महिन्यांपूर्वी कोणते बिल्ड का फसले हेही पाहता येते. शेवटचे यशस्वी बिल्ड मुदत उलटली तरी पुसले जात नाही.

गिऱ्हाइकाकडे गेलेल्या प्रत्येक बिल्डवर ‘कीप धिस बिल्ड फॉरेव्हर’ ही खूण त्याच दिवशी करावी. आधीच्या बिल्ड्सवरील खुणा मात्र मर्यादा घालण्यापूर्वीच पूर्ण कराव्यात, कारण मर्यादा लागू होताच जुना माल एकदम जातो आणि तो परत मिळत नाही. त्यासाठी कोणाकडे कोणती आवृत्ती आहे याची यादी हवी. ती नसेल, तर आधी दोन दिवस फोन फिरवावे लागतील.

हा पर्याय जॉबनिहाय असल्यामुळे बंद पडलेल्या प्रकल्पांचे जुने जॉब त्यातून निसटतात. त्यांच्यासाठी ‘मॅनेज जेनकिन्स’मधील सिस्टीमच्या पानावर ‘ग्लोबल बिल्ड डिस्कार्डर्स’ पाहावे. वर्कस्पेसची (जॉब जेथे चालतो ती) फोल्डर्स आणि डॉकरच्या (सॉफ्टवेअर बंदिस्त पेटीसारखे चालवणारे साधन) इमेजेस यांना मात्र यातले काहीच लागू नाही; डॉकर वापरत असाल, तर त्याची नको असलेले काढणारी ‘प्रून’ आज्ञा वेगळी द्यावी लागते.