यूपीएससी मराठीतून देता येते का?

प्रश्न: मी फोंड्याची, बीए झालंय. यूपीएससी मराठीतून देता येते का, आणि प्रिलिमचे मार्क शेवटी धरतात का?

उत्तर: मेन्स बिनधास्त मराठीतून लिही, इंटरव्ह्यूही मराठीत देता येतो, आणि सक्तीच्या भाषेच्या पेपराला मराठी किंवा कोंकणी, काहीही घे. पण प्रिलिमचे प्रश्न फक्त हिंदी-इंग्रजीत येतात, त्यामुळे रोज इंग्रजी वाचायला हवंच गं. प्रिलिमचं सेंटर पणजीत आहे. प्रिलिम ही नुसती चाळणी, यादी लागते ती मेन्सच्या १७५० आणि इंटरव्ह्यूच्या २७५ मार्कांवर. मात्र सीसॅटला, म्हणजे प्रिलिमच्या दुसऱ्या पेपराला, ३३ टक्के हवेतच, चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश मार्क कापतात, आणि भलीभली हुशार मुलं इथंच अडकतात, म्हणून जुने पेपर घड्याळ लावून सोडव, ८० प्रश्न, दोन तास.