पात्यावरची परकी अक्षरं

प्रश्न : आमच्या देव्हाऱ्याशेजारी एक लांब, सरळ तलवार टांगलेली आहे. आजेसासरे सांगायचे, ही मराठेशाहीतली. यंदा खंडेनवमीला दिरांनी ती पुसली, तेव्हा मुठीजवळ इंग्रजीसारखी अक्षरं दिसली. आता भाऊबंद म्हणतात, ही कुणा साहेबाची तलवार, मराठ्यांची नव्हेच. खरं काय? अक्षरं नीट दिसावीत म्हणून घासून घ्यावी का?
– एक वाचक भगिनी, वाई तालुका

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण घाई तिथेच आहे. घासू नका. चिंच नको, लिंबू नको, पॉलिश पेपर तर नकोच नको.

मी ३१ वर्षं एका संग्रहालयात जुनी शस्त्रं जपण्याचं काम केलं. एकदा एका घरातून धोप, म्हणजे लांब, सरळ पात्याची मराठा तलवार, आली. दसऱ्याआधी कुणीतरी ती ग्राइंडरवर आरशासारखी करून आणली होती. मुठीपासून चार बोटांवर, अक्षरं असायची तिथे, नुसता उथळ खळगा. त्यावरून बोट फिरवलं की एक उभी रेघ बोटाला लागायची, डोळ्याला मात्र काही दिसायचं नाही. घरच्यांना सांगताना माझाच घसा दाटला होता.

आता भाऊबंदांचं म्हणणं. पातं परदेशी असू शकतं, पण म्हणून तलवार मराठ्यांची नाही, हे साफ चूक. जर्मनीतलं झोलिंगेन, स्पेनमधलं टोलेडो, इटलीतलं जिनोआ इथली पाती जहाजांतून आपल्या किनाऱ्यावर उतरत आणि इथले कारागीर त्यांना इथली मूठ बसवत. अशा तलवारीला लोक फिरंग म्हणत. घोड्यावरून वार करायला आणि भोसकायलाही लांब, सरळ पातं सोयीचं, म्हणून स्वारांत त्याला मोठा मान होता.

नागपूरकर भोसल्यांच्या घराण्याचे संस्थापक पहिले रघुजी यांची तलवार राज्य सरकारने २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून परत आणली. तिचं पातं युरोपीय आहे आणि त्यावर सोन्याने देवनागरीत ‘श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहिब सुभा फिरंग’ असं लिहिलंय. सेनासाहेब सुभा हा त्यांचा किताब आणि शेवटचा ‘फिरंग’ हा शब्द तलवारीच्या जातीचा. परक्या पात्यावर आपलं नाव कोरायला रघुजींना कमीपणा वाटला नाही. कोल्हापूरच्या छत्रपतींनी १८७५-७६ मध्ये इंग्लंडच्या युवराजाला दिलेली, आपण जिला जगदंबा म्हणतो, तिच्याही पात्यावर ‘आय एच एस’ ही येशूच्या नावाची अक्षरं तीनदा ठोकलेली आहेत.

तुमच्या तलवारीवरची अक्षरं मात्र खरोखर परदेशी असतीलच असं नाही. फिरंगी पात्याला बाजारात भाव होता, म्हणून आपल्याकडचे लोहारही तशा खुणा ठोकत. कोयत्यासारखी वाकडी, कडेला दातेरी अशी एक खूण तर सर्रास नकलली जाई. अक्षर उलटं पडलंय का, नावातलं एखादं अक्षर गाळलंय का, हे भिंगाने बघा. लिपी न येणाऱ्या हाताने नुसतं चित्र म्हणून कोरलं की असं होतं.

मग मूठ बघा. मुठीच्या शेवटी वाटीतून एक सळई बाहेर आली आहे का? दुसऱ्या हाताने धरून दोन्ही हातांचा घाव घालता यावा म्हणून ती असते. फिरंगीला आणि खांड्याला, म्हणजे रुंद, सरळ पात्याच्या तलवारीला, ती हमखास दिसते. आणि मूठ हलत असली तरी ठोकू नका, चुलीजवळ नेऊ नका. पातं मुठीत लाख-राळेने बसवलेलं असतं, ऊब लागली की ते सुटतं.

पूजा जरूर करा, पण ओलं हळदकुंकू पात्याला लावू नका. तुम्हाला दिसलेल्या अक्षरांच्या आसपास तांबूस ठिपके असतील, तर बहुतेक ते वर्षानुवर्षांच्या ओल्या बोटांचे आहेत. हळदकुंकू म्यानाला वाहा. पात्यावरून मऊ सुती कापडाने शिलाई मशीनच्या तेलाचा एक पातळ हात फिरवा आणि नंतर उघड्या हाताने शिवू नका. अक्षरांचा फोटो दिवसाच्या उजेडात, तिरकस प्रकाश पाडून काढा. घासून दिसलं असतं त्याहून जास्त दिसेल.

प्रश्न : लंडनहून आलेली वाघनखं आम्ही साताऱ्यात पाहिली. ती अफझलखानाच्या वधातलीच आहेत का?
– एक विद्यार्थी, कराड

उत्तर : तसा पक्का पुरावा नाही आणि ती ज्यांच्याकडून आली त्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाचंही तेच म्हणणं आहे. साताऱ्यात रेसिडेंट, म्हणजे इंग्रजांचे प्रतिनिधी, असलेल्या ग्रँट डफ यांना ती मिळाली आणि त्यांच्या वंशजाने १९७१ मध्ये संग्रहालयाला दिली, एवढं ठाऊक आहे. वाघनखांसोबतच्या पेटीवरच्या मजकुरात खानाला मोगल सरदार म्हटलंय, पण तो आदिलशाहीचा. तेव्हा त्या मजकुरावर इमारत उभी करू नका. वस्तू मात्र नीट बघा. पट्टीच्या दोन टोकांना दोन अंगठ्या, मधे चार नखं. मूठ मिटली की बाहेरून दिसतात त्या फक्त अंगठ्या.