वाचकांचे प्रश्न : ‘एरागॉन’ उसनी की स्वतंत्र?

मागील अंकातील मुलांच्या वाचनयादीत ख्रिस्तोफर पाओलिनी यांच्या ‘एरागॉन’ या इंग्रजी कादंबरीचा, म्हणजे चार भागांच्या मालिकेतील पहिल्या पुस्तकाचा, समावेश केल्यानंतर आलेली पत्रे इतकी परस्परविरोधी आहेत की ती एकाच पुस्तकाविषयी लिहिलेली असावीत यावर विश्वास बसत नाही. म्हणून या वेळचे सदर त्या एका पुस्तकालाच दिले आहे. ज्यांनी ते वाचलेले नाही त्यांच्यासाठी कथासूत्र थोडक्यात सांगतो. अलगेसिया नावाच्या कल्पित देशात डोंगरात शिकारीला गेलेल्या एरागॉन या पंधरा वर्षांच्या शेतकरी मुलाला एक गुळगुळीत निळा दगड सापडतो. तो दगड म्हणजे ड्रॅगनचे अंडे असते आणि त्यातून सफिरा ही ड्रॅगनमादी जन्माला येते. अंड्याच्या शोधात आलेले राजाचे हस्तक एरागॉनच्या मामाचा बळी घेतात. मग गावातल्या ब्रॉम या वृद्ध कथेकऱ्याच्या सोबतीने तो सूड घेण्यासाठी बाहेर पडतो आणि अखेरीस गॅल्बटोरिक्स राजाविरुद्ध लढणाऱ्या बंडखोरांच्या गोटात पोहोचतो.

प्रश्न (इंग्रजी साहित्याची विद्यार्थिनी, नाशिक) : या कादंबरीत लेखकाचे स्वतःचे असे काय आहे? कथानक ‘स्टार वॉर्स’ या चित्रपटाचे, एल्फ ही मानवासारखी दीर्घायुषी जादुई जमात आणि बुटके ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’कार टोल्किन यांचे, ड्रॅगनशी जुळणारे मन लेखिका अ‍ॅन मॅककॅफ्री यांचे. अशा उसनवारीची शिफारस आपण का करता?

उत्तर : आपण केलेली यादी खरी आहे, किंबहुना ती अपुरी आहे. 1977 च्या ‘स्टार वॉर्स’मध्येही नायक शेतावर वाढलेला अनाथ मुलगा आहे, तो घरी नसताना त्याला वाढवणारी माणसे मारली जातात, एके काळी योद्धा असलेला एक वृद्ध त्याचा गुरू होतो आणि वाटेतच मरण पावतो, शत्रूच्या कैदेतील एका तेजस्वी स्त्रीची सुटका होते आणि बंडखोरांचा गुप्त तळ वाचवण्याच्या लढाईने कथा संपते. ‘एरागॉन’मध्ये हे सर्व टप्पे जवळजवळ याच क्रमाने येतात, आणि हा निव्वळ योगायोग आहे असे म्हणणे वाचकाच्या बुद्धीचा अपमान ठरेल. ड्रॅगन आणि मानव यांच्यातील जन्मभराचे मानसिक नाते मॅककॅफ्री यांच्या पर्न ग्रहावरील कथांत 1967 पासून आहे. वस्तूचे खरे नाव जाणणाऱ्याची त्या वस्तूवर सत्ता चालते ही कल्पना अर्सुला ले ग्विन यांच्या 1968 च्या अर्थसी कादंबरीत आहे. मुलाला ड्रॅगनचे अंडे मिळण्याची मूळ ठिणगी ब्रूस कोव्हिल यांच्या एका बालकादंबरीतून मिळाली, हे तर पाओलिनी यांनी स्वतःच सांगितले आहे.

येथपर्यंत आपले आणि माझे एकमत आहे. मतभेद आहे तो यापुढच्या निष्कर्षाविषयी. उसनवारी सिद्ध झाली की परीक्षण संपले असे आपल्या पत्रावरून वाटते; माझ्या मते परीक्षण तेथून सुरू होते. लेखकाने घेतलेल्या गोष्टींपैकी कोणत्या तशाच पडून राहिल्या आणि कोणत्या त्याच्या हातात वाढल्या, हे पाहिले पाहिजे. या पुस्तकातील एल्फ आणि बुटके पहिल्या गटातले आहेत. ते टोल्किन यांच्या घरातून आले आणि पाहुण्यांसारखेच राहिले. बंडखोरांचा तळही असाच आहे.

जादूचे मात्र तसे नाही. येथे एखादे काम मंत्राने करण्यास तेवढीच शक्ती लागते, जेवढी ते हातांनी करण्यास लागली असती. ही शक्ती जादू करणाऱ्याच्या शरीरातून जाते आणि झेपेल त्याहून मोठे काम अंगावर घेतले तर तो मरतो. याझुआक गावात जिवावर बेतलेले असताना एरागॉन नकळत पहिल्यांदा मंत्र उच्चारतो. शत्रू पडतात, पण तोही शुद्ध हरपतो. त्यानंतर ब्रॉम त्याला एक खडा देतो आणि तो मंत्राने उचलून दाखवण्यास सांगतो. संकट आले की मंत्र म्हणून मोकळे होण्याची सोय लेखकाने या एका नियमाने स्वतःपुरती बंद करून टाकली. याच्या जोडीला दुसरा नियम असा की, जादूच्या प्राचीन भाषेत असत्य बोलता येत नाही आणि बोललेले मागे घेता येत नाही. पहिल्या भागाच्या उत्तरार्धात एरागॉन एका तान्ह्या मुलीला याच भाषेत मोठ्या उत्साहाने आशीर्वाद देतो. दुसऱ्या भागात कळते की व्याकरणाच्या एका चुकीमुळे त्या आशीर्वादाचा शाप झाला आहे. तिचे दुःखापासून रक्षण व्हावे असे त्याला म्हणायचे होते. प्रत्यक्षात इतरांच्या दुःखाची ढाल होण्याचे काम त्याने तिच्या माथी मारले. उसन्या कल्पनेतून असा प्रसंग आपोआप निघत नाही. त्यासाठी लेखकाला आपल्या नियमांचा त्यांच्या अखेरच्या परिणामापर्यंत विचार करावा लागतो.

आणखी एक जागा दाखवतो. राजाचे हस्तक गावात आल्याचे कळताच सफिरा भीतीने बिथरते आणि एरागॉनला पाठीवर घेऊन डोंगरात पळ काढते. खोगीर नसल्यामुळे तिच्या खवल्यांनी त्याच्या मांड्या सोलून निघतात, त्याला धड चालताही येत नाही, आणि ते परत येईपर्यंत घर उद्ध्वस्त झालेले असते. ज्या पहिल्या उड्डाणाची वाचक कितीतरी पाने वाट पाहत असतो, ते असे अपराधाच्या भावनेने डागाळलेले निघते. सफिरा सर्वज्ञ वाहन नसून घाबरणारे अल्पवयीन जनावर आहे, आणि तिच्या भीतीची किंमत तिच्या सोबत्याने मोजली आहे, हे त्या नात्यात पुढेही शिल्लक राहते. ज्या कथांतून हे नाते घेतले असे आपण म्हणता, त्यांच्या शेजारी हे प्रकरण ठेवून वाचावे, एवढीच विनंती आहे.

प्रश्न (निवृत्त अभियंता, सांगली) : माझ्या नातीच्या आग्रहावरून मी हे पुस्तक वाचले. ड्रॅगन असणे मला मान्य आहे, परंतु कालपर्यंत नांगर धरणारा मुलगा काही महिन्यांत निष्णात तलवारबाज होतो, हे मान्य होत नाही. मी चुकीच्या अपेक्षेने वाचतो आहे का?

उत्तर : मुळीच नाही. अद्भुत कथेत अशक्य गोष्ट चालते, पण अप्रमाण गोष्ट चालत नाही. ड्रॅगनला पंख असण्याची मुभा वाचक पहिल्या पानावर देतो, मात्र माणसाच्या शिकण्याचा वेग बदलण्याची मुभा त्याने दिलेली नसते. रोज संध्याकाळी मुक्कामावर ब्रॉमशी काठ्यांनी केलेला सराव लेखकाने चांगला रंगवला आहे, अंगावरचे काळे-निळे वळही तो विसरत नाही. तरीही एका प्रवासाच्या अवधीत त्या मुलाने तलवार, जादू, माग काढण्याची कला आणि अक्षरओळख या चारही गोष्टी आत्मसात कराव्यात, हे फारच झाले. विशेषतः टीर्म शहरात तो ज्या झटपट गतीने वाचायला शिकतो, ते पाहून कोणत्याही प्राथमिक शिक्षकाला हसू येईल.

आपण लिहिले नाही, पण या पुस्तकाचा मला जाणवणारा याहून मोठा दोष असा की, ज्याच्या भीतीवर संपूर्ण कथा उभी आहे तो गॅल्बटोरिक्स पहिल्या भागात एकदाही समोर येत नाही. त्याच्या क्रौर्याबद्दल आपण केवळ ऐकतो. खलनायक पडद्याआड ठेवण्याचे तंत्र जुने आणि परिणामकारक आहे. मात्र त्यासाठी त्याची सावली सामान्य माणसांच्या जगण्यावर, करवसुलीवर, बाजारावर, बोलण्याच्या धास्तीवर पडलेली दिसावी लागते, आणि ती येथे कार्व्हाहॉल गावाबाहेर पडल्यावर तुरळकच दिसते.

प्रश्न (वाचक, न्यू जर्सी) : येथे या पुस्तकाचे कौतुक नेहमी लेखकाच्या वयावरून होते. त्याच्या आईवडिलांची स्वतःची प्रकाशनसंस्था होती, हे कोणी सांगत नाही. हे यश खरोखर त्याचे म्हणावे का?

उत्तर : घटनाक्रम ठाऊक असला की कौतुक आणि आक्षेप या दोहोंचा सूर खाली येतो. पाओलिनी यांचा जन्म 1983 चा. मॉन्टाना राज्यातील पॅराडाइज व्हॅली येथे ते घरीच शिकले, पंधराव्या वर्षी त्यांनी शालेय शिक्षण पूर्ण केले आणि त्याच वयात ही कादंबरी लिहावयास घेतली. सुमारे एक वर्ष पहिल्या खर्ड्यात गेले आणि जवळजवळ तितकाच काळ पुनर्लेखनात. 2002 मध्ये कुटुंबाच्या छोट्या प्रकाशनसंस्थेने पुस्तक काढले, हे आपले म्हणणे बरोबर आहे. परंतु ती पुस्तकांच्या ढिगावर बसलेली धनाढ्य पेढी नव्हती. सर्व कुटुंबाने या एका पुस्तकावर आपली उपजीविका पणाला लावली होती. मध्ययुगीन पोशाख घालून हा मुलगा शाळा, ग्रंथालये आणि पुस्तकांच्या दुकानांतून शंभराहून अधिक कार्यक्रम करीत फिरला. त्याच वर्षी सुट्टीत मॉन्टानात आलेल्या कार्ल हायसन या कादंबरीकाराच्या सावत्र मुलाने पुस्तक वाचले, त्याला ते आवडले आणि हायसन यांनी आपल्या प्रकाशकांना, म्हणजे क्नॉफ या संस्थेला, ते कळवले. तेथे मजकुराची काटछाट होऊन ऑगस्ट 2003 मध्ये नवी आवृत्ती निघाली. त्या वेळी लेखक एकोणीस वर्षांचा होता.

तेव्हा घरचे पाठबळ होते, कष्ट होते आणि दैवही होते. मात्र यांपैकी काहीही पुस्तकाच्या गुणदोषांत मिसळू नये. ‘पंधराव्या वर्षी लिहिले, म्हणून उत्तम’ हे जितके चुकीचे, तितकेच ‘पंधराव्या वर्षी लिहिले, म्हणून दोष माफ’ हेही चुकीचे आहे. वाचकाने विकत घेतलेल्या पुस्तकात लेखकाचे वय छापील किमतीतून वजा होत नाही. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या परीक्षणाने 2003 मध्येच वापरून गुळगुळीत झालेल्या वर्णनांवर आणि दुय्यम चित्रपटांत शोभणाऱ्या संवादांवर बोट ठेवले, आणि तरीही त्यामागच्या अस्सल प्रतिभेला दाद दिली. मला ते परीक्षण आजही न्याय्य वाटते. प्रत्येक सूर्योदय, प्रत्येक खिंड आणि प्रत्येक पोशाख यांना विशेषणांचे ओझे झालेले आहे, आणि काटछाटीनंतर हे असे असेल तर मूळ मजकूर कसा असेल, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

प्रश्न (एक आई, ठाणे) : माझा बारा वर्षांचा मुलगा या पुस्तकात बुडून गेला आहे. आमच्या ओळखीतील एक प्राध्यापिका मात्र असल्या पुस्तकांनी अभिरुची बिघडते असे म्हणतात. त्याला थांबवावे का? आणि हे त्याच्या वयाला योग्य आहे का?

उत्तर : थांबवू नये. सुमारे पाचशे पानांचे इंग्रजी पुस्तक बारा वर्षांचा मुलगा आपण होऊन वाचत असेल, तर त्याच्या अभिरुचीची चिंता आणखी पाच वर्षांनी करता येईल. त्या प्राध्यापिकाबाईंना माझ्या वतीने हेही सांगावे की मराठी कादंबरीच्या बाल्यावस्थेत आपल्याकडेही 1861 मध्ये हळबे यांची ‘मुक्तामाला’ आणि 1868 मध्ये रिसबूड यांची ‘मंजुघोषा’ अशा अद्भुतरम्य कादंबऱ्यांनीच वाचकवर्ग घडवला. पुढे त्याच वाचकवर्गाला हरिभाऊ आपटे मिळाले. वरच्या नाशिककर विद्यार्थिनीला कळलेल्या गोष्टी आपल्या मुलालाही आणखी दहा पुस्तके वाचल्यावर कळतील. त्याला आज हे कथानक पहिल्यांदाच भेटते आहे आणि पहिल्या भेटीचा आनंद खोटा नसतो. अनुभवी वाचक आणि कोवळा वाचक यांची या पुस्तकाविषयीची मते जुळत नाहीत, याचे बरेचसे कारण हेच आहे.

वयाविषयी मात्र एक सावधगिरी सुचवतो. ज्या याझुआक गावाचा उल्लेख वर आला, तेथे कत्तल झालेल्या गावकऱ्यांच्या प्रेतांचा ढीग आणि त्यावर एका बालकाचे प्रेत, असे दृश्य आहे. आर्या या एल्फ स्त्रीचा कैदेत झालेला छळही सूचित होतो. ही वर्णने चवीने केलेली नाहीत, पण मऊही केलेली नाहीत. ते प्रकरण मुलाच्या आधी आपण वाचावे आणि तो त्या जागी पोहोचल्यावर त्याच्याशी बोलावे. परक्या नावांनी तो अडखळत असेल तर पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची आहे, ती त्याला दाखवावी.

प्रश्न (महाविद्यालयीन विद्यार्थी, नांदेड) : पुस्तक जाडजूड आहे. त्याऐवजी चित्रपट पाहिला तर चालेल का?

उत्तर : चालणार नाही. डिसेंबर 2006 मधील त्या चित्रपटाने जादूच्या किमतीचा सारा विचार घाईत उरकला आणि सफिराचे वाढणे तर क्षणार्धात, हवेत उडता उडता, संपवून टाकले. पुस्तकावर प्रेम करणारे आणि पुस्तकाला नावे ठेवणारे या एका बाबतीत तरी एकत्र आले. पुढचे भाग पडद्यावर आलेच नाहीत.

प्रश्न (ग्रंथपाल, कोल्हापूर) : आमच्या वाचनालयासाठी फक्त पहिला भाग घ्यावा, की सर्व? वाचकांत दोन तट पडले आहेत.

उत्तर : दोन तट असतील तर पहिले दोन भाग घ्यावेत. ‘एरागॉन’, 2005 चा ‘एल्डेस्ट’, 2008 चा ‘ब्रिसिंगर’ आणि 2011 चा ‘इन्हेरिटन्स’ असा क्रम आहे. मूळ योजना तीन भागांची होती, पण तिसऱ्याचा पसारा वाढून त्याचे दोन झाले, आणि तो पसारा वाचताना जाणवतो. 2023 मध्ये आलेला ‘मर्टाग’ हा त्याच जगातील पुढचा भाग असून तो आधीचे चार वाचलेल्यांसाठीच आहे. ‘एल्डेस्ट’मध्ये एरागॉनचे दीर्घ प्रशिक्षण कंटाळवाणे वाटेल, परंतु त्याच्या जोडीने रोरन या त्याच्या मामेभावाची कथा चालते. रोरनजवळ ना ड्रॅगन आहे ना जादू. एक हातोडा घेऊन तो साऱ्या गावाला राजाच्या सैन्यापासून सोडवून नेतो. पहिल्या भागाला नावे ठेवणाऱ्या तटाला ही प्रकरणे आधी वाचावयास द्यावीत, आणि त्यांनीही पुस्तक परत केले तर पुढच्या भागांचे पैसे वाचवावेत.