कोल्हापुरातले आमचे काका म्हणतात, विश्व प्रसरण पावत नाही, प्रकाशच वाटेत थकतो. आणि बिनइंधनाच्या यानानं ताऱ्यांपर्यंत जाता येईल. तथ्य आहे का?

दूरच्या दीर्घिकांचा प्रकाश तांबड्याकडे झुकलेला दिसतो, तो वाटेत थकल्यामुळे, ही कल्पना खगोलशास्त्रज्ञ फ्रिट्झ झ्विकीनं १९२९ मध्येच मांडली होती, म्हणजे काका चांगल्या संगतीत आहेत! पण प्रकाश नुसता थकून तांबडा होत असता, तर दूरच्या सुपरनोव्हाचं (स्फोट होणाऱ्या ताऱ्याचं) उजळणं-मावळणं आपल्याला लांबलेलं दिसलं नसतं. प्रत्यक्षात ते लांबतं, तेही तांबडेपणाच्या प्रमाणात, विश्व प्रसरण पावत असेल तर लांबायला हवं तसंच. रंकाळ्यावर फिरायला आले की एवढंच विचारा त्यांना.

बिनइंधनाचं यान मात्र हसण्यावारी नेऊ नका. जपानच्या इकारोस यानानं २०१० मध्ये सूर्यप्रकाशाच्या दाबावर शीड चालवून दाखवलं. अडचण अंतराची आहे. सूर्याला सर्वात जवळचा तारा प्रॉक्झिमा, तोही ४.२४ प्रकाशवर्षं लांब. व्हॉयेजर-१ यानाच्या वेगानं, सेकंदाला सुमारे १७ किमी, तिथवर जायला ७५ हजार वर्षं लागतील.